एक टिंब त्रेसष्ट

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना 'दोन' या आकड्याचा जितका राग येतो, तितका राग जगात दुसऱ्या कुणाला कुठल्याच आकड्याचा येत नसेल. एरवी दोनशी त्यांचं काही वैर नाही. दोन पोळ्या ते खातात, दोन चमचे साखर चहात घालतात, काकूंनी एक चमचा केला तर भांडतात. पण त्यांनी स्वतः तयार केलेल्या संगणकाच्या भाषेपुढे 'आता दोन लिहा की' असं कुणी म्हटलं, की त्यांच्या कपाळावरची शीर उठते आणि काकू पंखा एक घर वाढवतात. शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांना जिन्यातच सांगून ठेवतात, हवापाण्याचं बोला, पण नव्या व्हर्जनचं काढू नका.

काकांची भाषा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. काका अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात यंत्रांची मीटरं सांभाळणारे अधिकारी होते. रिटायर होताना त्यांची उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका फर्निचरवाल्या सिंधी शेठशी ओळख झाली. शेठने फळ्या कापायची मोठी मशीन आणली होती, पण तिला सूचना द्यायच्या त्या इंग्रजीत, आणि वर्कशॉपमधल्या एकालाही त्या येत नव्हत्या. काकांनी घरी बसून 'घे', 'सरक', 'काप', 'फिरव', 'परत' अशा तीसेक शब्दांची एक भाषा तयार केली. कामगार आपल्या वहीत लिहितो, 'फळी घे, अठरा इंच सरक, काप, चार वेळा परत', मग तेच मशीनच्या संगणकावर टाइप करतो आणि मशीन तसं करते. याला सोळा वर्षं झाली. आता अकरा वर्कशॉपमध्ये ती भाषा चालते. तिला नाव नाही. नाव ठेवलं की लोक ते बोर्डावर लिहितात, आणि बोर्डावर लिहिलं की पुढे मोठा आकडा हवासा वाटतो, असं काकांचं म्हणणं. म्हणून सगळे तिला 'साहेबांची भाषा' म्हणतात. माझी आई शेठच्या त्या पहिल्या वर्कशॉपमध्ये ही मशीन चालवते. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय, आणि घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. तरी आमच्या घरात प्रोग्रॅम लिहायला माझ्याआधी आई शिकली, हे मी वर्गात कुणाला सांगितलं तर पटत नाही.

आता या भाषेचा आकडा. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आले तेव्हा तो एक टिंब त्रेसष्ट होता. 'पॉइंट' म्हणायचं नाही, टिंब म्हणायचं. पॉइंट म्हटलं की लोकांना तो अपूर्णांक वाटतो. एकदा एक टिंब नऊनंतर एक टिंब दहा आलं, तेव्हा शेठ घाबरून फोनवर म्हणाले होते, "साईं, ये क्या? नऊवरून एकवर आला? माल घट गया क्या?" काकांनी त्यांना पाऊण तास समजावलं की टिंबाच्या अलीकडचा आकडा वेगळा आणि पलीकडचा वेगळा. शेठ शेवटी म्हणाले, "बरोबर आहे साईं, समजला. पण सीधा टू कर दो ना. बाजूवाल्याच्या मशीनला नाईन आहे." काकांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण उशिरा आणि रागाने.

त्यांचा नियम साधा होता. नवा शब्द आला, मशीन वेगाने चालायला लागली, मराठी अक्षरं पडद्यावर सुंदर दिसायला लागली, की टिंबापलीकडचा आकडा एकाने वाढवायचा. टिंबाअलीकडचा एक हलवायचा नाही. तो कधी हलवायचा? तर लोकांनी आधी लिहून ठेवलेलं काम नव्या भाषेत चालेनासं होणार असेल तेव्हाच. हे आमच्या सोसायटीलाही भोगावं लागलं. गेटला रंग दिला तेव्हा सेक्रेटरींनी हौसेने नोटीस लावली, 'आपले नवीन गेट'. काकांनी खाली जाऊन 'नवीन' खोडलं. "तुमची जुनी किल्ली लागते ना? मग नवीन कसलं?" पुढे कुलूप बदललं तेव्हा सेक्रेटरींनी साधी दोन ओळींची नोटीस लावली, तर काका पुन्हा संतापले. "चौतीस घरांच्या किल्ल्या एका दिवसात निकामी केल्यात आणि इतक्या बारीक अक्षरात सांगताय? इथे लिहा मोठा दोन!" आणि स्वतः मार्करने लिहून आले. मला कॉलेजात हा विषय तीन तास शिकवला, पण तो कळला मला त्या कुलपावरून.

बाहेरच्या जगाने तर त्यांना छळायचंच ठरवलं आहे. साबणाच्या वडीवर 'आता नवीन' असं लिहिलेलं दिसलं की ते कंपनीला पत्र लिहितात, की जुन्या बादलीत, जुन्या अंगावर, जुन्या पाण्याने हा साबण चालतो, तेव्हा नवीन काय ते कळवावे. फोनवर अपडेट आलं की बाकीचे लोक बटण दाबून मोकळे होतात, काका चष्मा लावून खालची यादी वाचतात. यादीत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, 'काही सुधारणा केल्या.' "कोणत्या? कुठे? कुणाला विचारून?" असं ते फोनला विचारतात. एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षाने पालेगावकडे जात होते, तिथे रस्त्यावर 'फेज तीन, बुकिंग सुरू' असा मोठा बोर्ड होता. काकांनी रिक्षा थांबवली आणि सेल्स ऑफिसात शिरले. तिथल्या मुलीला विचारलं, "फेज तीन आल्यामुळे फेज एकच्या लोकांचं काय बिघडतं?" ती बिचारी म्हणाली, "काहीच नाही सर." "मग तीन कशाला?" तिने त्यांना चहा दिला, पुस्तिका दिली, आणि वन बीएचके दाखवू का विचारलं. परत येताना ते पूर्ण रस्ताभर धुमसत होते. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली गं. मीसुद्धा अजून एक टिंब काहीतरीच आहे."

पण या रागाच्या मागे एक शब्द होता, तो मला आईकडून कळला. सोळा वर्षांपूर्वी वर्कशॉपमधल्या लोकांना ही भाषा शिकताना भीती वाटत होती. आज एवढी मेहनत करून वही भरायची आणि उद्या साहेबांनी काही बदललं तर? तेव्हा काका मशीनवर हात ठेवून म्हणाले होते, "तुम्ही आज लिहिलेलं कधीही बंद पडणार नाही." तो शब्द पाळायला ते दर नव्या टिंबाच्या आधी स्कूटर काढून अकराच्या अकरा वर्कशॉप फिरायचे. प्रत्येक ठिकाणची सर्वांत जुनी वही मागायचे, त्यातलं काम मशीनवर चालवायला लावायचे, कापलेली फळी स्वतःच्या हातात घ्यायचे आणि विचारायचे, "आलं का पहिल्यासारखं?" समोरचा हो म्हणाला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते पाहायला आई म्हणे मशीन बंद करून थांबायची.

मी प्रोजेक्टसाठी काकांची भाषा घेतली. सगळ्या जुन्या वह्यांमधली कामं संगणकावर आपोआप तपासणारा प्रोग्रॅम करायचा, म्हणजे काकांची फेरी वाचेल, असा माझा विचार होता. कॉलेजातल्या सरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "वन पॉइंट सिक्स्टी थ्री? सोळा वर्षांत अजून पहिलंच व्हर्जन? परीक्षक काय म्हणतील? टायटलमध्ये टू टाक. फोर टाकलंस तर अजून चांगलं." मी धीर करून हे काकांना सांगितलं. "चार?" काका म्हणाले. "पहिलीतून उचलून चौथीत घालतात का कुणाला? तुझ्या सरांना घातलं होतं का? विचार त्यांना." मी अर्थात विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर मला काकांचाही राग आला होता. एक आकडा तो काय. त्यांचं काही जाणार नव्हतं आणि माझे मार्क होते.

पहिली वही मी आईचीच घेतली. दोनशेच्या वर कामं होती त्यात. टाइप करता करता माझ्या लक्षात आलं की आईने जवळजवळ प्रत्येक मापात एक सूत जास्त घातलंय. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारकामातलं माप. अठरा इंच एक सूत, दोन फूट एक सूत, असंच सगळीकडे. मला वाटलं आईला टेप वाचता येत नाही. मला तिची कीव आली, आणि मी पेन्सिलीने आठ पानं दुरुस्त करून टाकली. ती घरी आल्यावर तिने पानं पाहिली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी ओरडली, "कुणी सांगितलं तुला हात लावायला?"

"आई, फळी अठरा इंचांची हवी आहे ना? तू एक सूत जास्त लिहिलंयस."

"मग पातं काय उपाशी राहील?"

मला कळलं नाही. तेव्हा तिने समजावलं. मशीनचं पातं एक सूत जाड आहे. कापताना तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. साहेबांची भाषा ते धरत नाही, म्हणून फळी एक सूत तोकडी येते. मग ते आपण धरायचं.

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवतो. चहावाला किती वाजता येतो आणि सूत कुठे घालायचं."

"आणि काकांना?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. "त्यांना कशाला? एवढा मोठा माणूस स्कूटरवरून येतो, फळी हातात घेऊन खूश होतो. एका सुतासाठी त्यांचा चेहरा पाडायचा?"

सोळा वर्षं, अकरा वर्कशॉप, आणि एकाही माणसाने काकांचा चेहरा पाडला नव्हता. मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. मग रविवारी सकाळी मी वर गेले आणि चाचरत विचारलं, "काका, 'काप'मध्ये पात्याची जाडी धरली आहे का?"

"पात्याची जाडी?" काकांनी ते शब्द असे उच्चारले, जणू कुणा लांबच्या नातेवाइकाची चौकशी चालली आहे. त्यांचं सगळं आयुष्य पाइप आणि व्हॉल्व्हमध्ये गेलं. व्हॉल्व्ह बंद केला म्हणून आतला माल कमी होत नाही. त्यांनी जन्मात हाताने फळी कापली नव्हती. त्यांनी लॅपटॉप उघडला, सोळा वर्षांपूर्वीची ती ओळ काढली, आणि बघतच राहिले. काकूंनी पंख्याकडे हात नेला होता, तो तसाच खाली घेतला. मग काका उठले आणि घरातल्या लेंग्यावरच जिना उतरून आमच्या घरात आले.

"एकाला तोंड नाही?" ते आईवर कडाडले. "सोळा वर्षं माझ्या चुकीचं भाडं तुम्ही भरताय? प्रत्येक ओळीत?"

"साहेब, बसा आधी."

"बसत नाही! मी दरवेळी येऊन विचारत नव्हतो? तोंडावर विचारत होतो, बरोबर आलं का म्हणून!"

"नाही साहेब," आई हळूच म्हणाली. "तुम्ही विचारायचात, पहिल्यासारखं आलं का. पहिल्यासारखंच यायचं."

काका बसले. त्यांनी इतक्या फळ्या हातात घेतल्या होत्या, पण एकीलाही कधी टेप लावली नव्हती. आईने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मला वाईट वाटलं आणि मी आपल्या परीने मदत केली. म्हटलं, "काका, एकच ओळ आहे. बदलून टाका आणि एक टिंब चौसष्ट करा. कुणाला कळणारही नाही."

आजवर ते साबणावर, फोनवर, शेठवर, सरांवर रागावले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्यावर रागावले. "कळणार नाही? तुझ्या आईला कळेल. सोमवारी ती नेहमीप्रमाणे एक सूत वाढवेल, माझी भाषाही गुपचूप एक सूत वाढवेल, आणि कपाटाचं दार चौकटीत बसणार नाही. दोष कुणाला देतील? मला? तिला देतील, तिला!" मग त्यांचा आवाज उतरला. "मोठा आकडा म्हणजे बढती वाटते ना तुम्हाला. अगं, तो माफीनामा असतो. माझ्यामुळे तुमचं लिहिलेलं मोडणार आहे, सांभाळा, एवढंच तो सांगतो. म्हणून तो सारखा सारखा लिहायचा नसतो. आणि लिहायची वेळ आली की लपवायचा नसतो."

म्हणजे दोन येणार होतं. मला झालेला आनंद मी लपवला, पण घरी येऊन टायटलचं पान टाइप करून ठेवलं. फार लवकर ठेवलं. काकांनी जाहीर केलं की आधी वह्या, मग आकडा. मोडणारा मी, तर जोडून देणाराही मीच. शुक्रवारी आमच्याकडे कारखाने आणि वर्कशॉप बंद असतात, तर दर शुक्रवारी ते एका वर्कशॉपमध्ये जाऊन ज्याची वही त्याच्या शेजारी बसायचे आणि एकेक माप विचारून जादाचं सूत खोडायचे. मी म्हटलं, माझा प्रोग्रॅम सगळ्या वह्यांमधलं एक सूत दोन मिनिटांत वजा करेल. "कुठलं सूत पात्यासाठी आहे आणि कुठलं खरंच हवं आहे, ते तुझ्या प्रोग्रॅमला ठाऊक आहे का?" ठाऊक नव्हतं. ड्रॉवरच्या बाजूला जागा सुटावी म्हणून खरं सूत असतं, ते खोडलं तर ड्रॉवर अडकतो. हे फक्त लिहिणाऱ्यालाच आठवतं.

शेठना मात्र दोन येणार एवढंच ऐकू आलं. "साईं, आखिर टू! बोर्ड बनवून घेऊ?"

"घ्या," काका म्हणाले. "त्यावर लिहा, आमचं चुकलं."

शेठ विचारात पडले. "ऐसा बोर्ड कौन लगाता है साईं?"

"तेच तर," काका म्हणाले. "कुणीच लावत नाही."

माझी सबमिशनची तारीख आली तेव्हा चार वर्कशॉपच्या वह्या झाल्या होत्या. मी एक टिंब त्रेसष्ट असंच लिहून दिलं. सरांनी 'प्रगती दिसत नाही' असा शेरा मारला आणि मार्क कापले. मी आठ दिवस काकांशी बोलले नाही. नवव्या दिवशी काकूंनी बोलावून घेतलं आणि मी शेरा सांगितला, तर काका बूट घालायला लागले. कॉलेजात जाऊन ते सरांना प्रगतीचा अर्थ विचारणार होते. त्यांना थोपवता थोपवता माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. त्यांनी तो सगळा वापरून टाकला.

सर्वांत शेवटी आईची वही राहिली होती. ती त्यांनीच शेवटी ठेवली होती, का ते सांगितलं नाही. त्या शुक्रवारी मीही गेले. मशीनवर कापड टाकलेलं होतं, शटर अर्धं वर होतं, आणि ते दोघं कापायच्या टेबलावर वही पसरून बसले होते. आई म्हणायची, "हे पात्याचं," काका खोडायचे. "हे ड्रॉवरचं, खरं," काका सोडून द्यायचे. पानं मागून पुढे चालली होती. असं करत ते पहिल्या पानावर आले, आणि आईने त्यावर हात ठेवला.

"हे राहू द्या साहेब."

"का?"

"आमच्या घरच्या मांडणीचं आहे. मशीन शिकले तेव्हा उरलेल्या फळ्यांची केली होती. मी लिहिलेलं पहिलंच काम. तेव्हा मला सुताचं माहीत नव्हतं, म्हणून घातलेलंच नाही. फळ्या तोकड्या आल्या, तर खाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून बसवल्या मी."

काकांनी पान जवळ घेऊन वाचलं. "मग यात खोडायचं काहीच नाही. दोनमध्ये हे अगदी बरोबर येईल."

"तेच ना," आई म्हणाली. "बरोबर आलं तर ती माझी मांडणी राहणार नाही."

मला वाटलं, आता शीर उठणार. दोनशे कामं झाली, अकरा वर्कशॉप झाले, आणि एका पानासाठी ही बाई अडून बसली. पण काकांनी पेनाचं टोपण लावलं. "मग हे एकमध्येच चालेल," ते म्हणाले. "कोपऱ्यातल्या त्या जुन्या संगणकावर एक टिंब त्रेसष्ट तसंच ठेवतो. त्याला मी हात लावणार नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही."

ती मांडणी पुन्हा कधी कुणी कापणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी काका उठले, टेबलाचा आधार घेत त्या संगणकापाशी गेले, तो चालू केला आणि आईने ते पान टाइप करून संपवेपर्यंत तिच्या मागे उभे राहिले. बाहेर कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती. काका कशावरही रागावले नाहीत, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं.